पोस्टकार्डाएवढी फट

१

बेस गिटारच्या मानेत लोखंडी सळई असते. हे पुष्कळ वाजवणाऱ्यांनाही माहीत नसतं. वाजवतात, मिरवतात आणि मान वाकली की माझ्याकडे येतात.

चार जाड तारा त्या मानेला सतत पुढे ओढतात. आतली सळई तिला मागे ओढते. दोन्हीकडचं ओढणं बरोबरीचं असलं तर मान सरळ. तारा जिंकल्या तर मान पुढे वाकते, तारा लाकडापासून उंच जातात आणि वाजवणाऱ्याची बोटं सोलून निघतात. मग मानेच्या डोक्याजवळची छोटी टोपी काढायची. आत नट असतो. त्यात सहा कोनांची चावी घालायची आणि पाव फेर द्यायचा. पावच. मग एक दिवस हात लावायचा नाही. लाकडाला कळायला वेळ लागतो.

माझं माप पोस्टकार्डाचं आहे. तार दोन्ही टोकांना दाबायची आणि मध्ये, तार आणि लाकूड यांच्या फटीत, पोस्टकार्ड सरकवायचं. न अडकता गेलं पाहिजे, पण सैल डुललं नाही पाहिजे. तेवढी फट असली की मान ठीक.

आणि एक गोष्ट. तारा बदलायच्या तर एकेक बदलायच्या. चारही एकदम काढल्या की सळई एकटी राहते, आणि एकट्या सळईला अडवणारं कोणी नसतं. मान उलटी, पाठीमागे वाकते.

हे मला शाळेत कोणी शिकवलं नाही, मी चौथी पास आहे. सासरे लहानू पेटीवाले हार्मोनियम दुरुस्त करत. त्यांच्या हाताखाली शिकले, बाकीचं हात भाजून शिकले. चंद्रपुरात बिनबा दरवाजाच्या आत आमच्या दोन खोल्या आहेत. समोरची दुकान, मागची घर. मध्ये बांबूच्या तट्ट्याची लिंपलेली भिंत. सासऱ्यांमागे दुकान मी धरलं, कारण माझ्या नवऱ्याला ते धरता येत नव्हतं.

माझा नवरा देवराव. लाकूड डेपोत हमाल होता. ब्याऐंशी साली साखळी सुटली आणि सागाचा ओंडका त्याच्या पाठीवर आला. जीव वाचला. पाठ विळ्यासारखी वाकली ती वाकलीच. हनुवटी छातीला लागलेली. चार वर्षं त्याला जमिनीशिवाय काही दिसलं नाही. माझं तोंडही नाही. मी समोर उभी राहिले की तो माझ्या लुगड्याच्या काठाशी बोलायचा.

२

शहाऐंशीचा फेब्रुवारी सरत आला होता. शनिवारी दुपारी गुलाब आला. नागभीडच्या ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो. तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा, खांद्यावर गिटार.

"मनकर्णाबाई, पाहा हिची मान. विळा झाली पुरी."

"कुठी ठेवली होती?"

"बसच्या टपावर."

"बायकोले ठेवून पाह्य एकदा टपावर. उन्हाले ती सरळ राह्यते का पाह्य."

तो हसला. "ते तुमीच सांगा तिले. मार्कंड्याच्या जत्रेत पोग्राम आहे, बाई. शिवरात्रीच्या आधी पाह्यजे. पुढच्या शुक्रवारी येतो."

"ही मान कंपनीची नाई," मी म्हटलं. रंग वेगळा होता, वजन वेगळं होतं.

"पहिली मोडली. नागपूरच्या मिस्त्रीनं नवीन बसवली. साग आहे, इकडलाच. जड आहे, पण आवाज काय घुमते, बाई!"

तो गेला. मी गिटार मांडीवर घेतली. मानेचं डोकं न्याहाळलं, टोकाला व्हार्निशखाली एक अर्धवट खूण होती. डेपोत लाकडाच्या तोंडावर हातोडीनं शिक्का मारतात, तसला शिक्का. अर्धा करवतीनं गेलेला. मी बघितलं आणि सोडून दिलं. या जिल्ह्यात सागाची कमी नाही, आणि प्रत्येक ओंडक्यावर शिक्का असतो.

पोस्टकार्ड घातलं. फटीत चार पोस्टकार्डं गेली असती. चावी घातली. पाव फेर दिला.

लाकूड करकरलं. करकरतंच. पण हात नटावर असताना आवाज हाताखाली यायला पाहिजे. हा तट्ट्यापलीकडून आला. मागच्या खोलीतून.

पाठोपाठ देवराव म्हणाला, "हाऽऽ."

दुखल्याचा हा नव्हे. डोक्यावरचा भारा उतरवल्यावर माणूस करतो तो.

"काय झालं वो?" मी विचारलं.

"काई नाई. पाठ मोकळी झाल्यावाणी वाटली."

३

रविवारी सकाळी चहा द्यायला आत गेले. देवराव खाटेवर बसला होता. मी कप खाली ठेवायला वाकले तर तो म्हणाला, "हातातली हिरवी बांगडी फुटली काय वो तुही?"

फुटली होती. नळावर, त्याच सकाळी. पण कप दुसऱ्या हातात होता, हा हात तेव्हा माझ्या कमरेशी होता. चार वर्षांत त्यानं माझ्या गुडघ्याच्या वरचं काही बघितलं नव्हतं.

दुकानात येऊन पोस्टकार्ड घातलं. मान थोडी उठली होती. दुसरा पाव फेर दिला. पुन्हा आवाज पलीकडून आला. पुन्हा "हाऽऽ."

रोज पाव फेर चालू होता. सोमवारी त्याला फळीवरचा डबा दिसला. मंगळवारी खुंटीवरचा माझ्या छत्रीचा दांडा.

शेजारच्या केसरबाईला मी सांगितलं, पाठीला आराम पडतो आहे. ती लगेच म्हणाली, "अवो, अंगारा लावला काय कोणाचा?"

मी तिला झाडलं. आमच्या घरात अंगारा-धुपारा नाही. छप्पन साली सासऱ्यांनी घरातले सगळे देव टोपल्यात घालून इरई नदीच्या पाण्यात सोडले. त्यानंतर या घरात कोणी कशाला घाबरून हात जोडलेले नाहीत. पोराला गोवर आला तेव्हा नाही, ते पोर गेलं तेव्हाही नाही.

"मोहाच्या बियांचं तेल लावून राह्यली मी, चार वर्षं झाले," मी तिला म्हटलं. "त्याचा गुण आता आला."

"चार वर्षानं?"

"लाकडाले वेळ लागते," मी म्हटलं. आणि माझ्याच तोंडून हे का निघालं, ते मलाच कळलं नाही.

४

मी खरं-खोटं तपासणारी बाई आहे. वजन करणाऱ्याचा काटा मी आधी रिकामा बघते.

मंगळवारी दुपारी देवराव भाकर खात होता. मी त्याला काही न सांगता दुकानात आले. चावी घातली आणि पाव फेर उलटा दिला. सैल केला.

आत ताट पडलं.

"कोण आहे? कोण दाबून राह्यलं मले?" तो ओरडला. "मना! मना वो!"

मी धावले. त्याचं कपाळ ताटात होतं. वरण नाकातोंडाला लागलेलं. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. मी त्याचं तोंड पुसलं. तो लहान लेकरासारखा कण्हत होता. "मानेवर हात ठेवला कोणीतरी," म्हणत होता. "थंडा हात."

मी परत दुकानात आले. चावी घातली आणि सोडलेला पाव फेर परत दिला. आवाज झाला. आतलं कण्हणं थांबलं.

बसले. जाड तार एकदा छेडली, नुसतीच, आवाज ऐकायला. बेसची जाड तार छातीत वाजते. तळहात ठेवून ती बंद केली. तार थांबली. माझ्या हाताखाली थांबलेली मला कळत होती.

घुमणं चालूच होतं, तट्ट्यापलीकडे. मोठ्या रांजणात कोणी तोंड घालून हुंकार भरावा तसं. मी वीस आकडे मोजले तेव्हा ते विरलं.

"तुमी काई गुणगुणले काय?" मी विचारलं.

"नाई तं," देवराव म्हणाला. "काऊन?"

५

बुधवारी मान सरळ झाली. पोस्टकार्ड गेलं, अडकलं नाही, डुललं नाही. माझं काम संपलं होतं. टोपी बसवायची, दोन स्क्रू मारायचे, कापड पांघरून ठेवायची.

देवराव भिंतीला हात धरून उभा होता. कमरेत थोडा वाकलेला, पण उभा. तो समोरच्या भिंतीकडे बघत होता. तिथं बुद्धाचा फोटो आहे आणि त्याच्या बाजूला बाबासाहेबांचा.

"बाबासाहेबाच्या फोटोची काच तडकली," तो म्हणाला. "कधी तडकली?"

"तीन वर्षं झाले."

"मले सांगतलं नाई."

"सांगून काय करणार होते तुमी? पाह्यता येत होतं?"

तो हळूच वळला. सबंध अंगानं वळला, दार वळतं तसा. चार वर्षांनी माझ्या तोंडाकडे बघितलं.

"म्हातारी झाली तू," तो म्हणाला.

"तुमची काळजी करून झाली. आता खुशाल दुसरी करा."

तो हसला. मग हसू गेलं. "मना, अजून एक फेर दे."

"कशाले?"

"त्या गिटारीले."

मी त्याला एका शब्दानं काही बोलले नव्हते.

"तुमी काय बोलून राह्यले? गिटार गुलाबची. तुमी तुमच्या जागी."

"तट्ट्याच्या आडून मले समजते. तू चावी फिरवते तव्हा मले इथी लागते." त्यानं मानेखाली, दोन खांद्यांच्या मध्ये, हात लावायचा प्रयत्न केला. हात पोचला नाही. "आत. हाडाच्या आत."

"या घरात असलं काई होत नाई."

"मी कुठी देव म्हटलो? कुठी भूत म्हटलो? मी फेर म्हटलो."

"मान सरळ झाली. आता फेर दिला तर उलटी वाकन."

"मी नाई झालो ना सरळ." तो रडकुंडीला आला होता. "दोन बोटं राह्यलो. दोन बोटांसाठी मले पुन्हा जमिनीत नको गाडू, मना. शुक्रवारी तो येईन आन् घेऊन जाईन. मंग?"

पोस्टकार्ड फटीत तसंच होतं.

६

सासरे सांगत, ज्या दिवशी चावी जोर मागते त्या दिवशी सोडून द्या. लाकूड नाही म्हणतं तेव्हा ऐकायचं.

गुरुवारी चावीनं जोर मागितला. मी दिला.

पाव फेर नाही. अर्धा दिला. शेवटी शेवटी चावी हातात कच्चकन घसरली, नटाच्या कडा गेल्या. आता त्यात चावी धरणार नाही, हे मला तेव्हाच कळलं. पुढेही नाही, मागेही नाही. मी टोपी लावून टाकली. नागडी चूक झाकतात तशी.

तारा आता लाकडाला चिकटल्या होत्या. छेडली की किरकिरत होत्या. पोस्टकार्डाचं टोकही जात नव्हतं.

मागच्या खोलीच्या दारात देवराव उभा राहिला. पुरता सरळ. तो इतका उंच आहे हे मी विसरले होते. डोकं दाराच्या वरच्या लाकडाला लागत होतं आणि त्याला वाकून बाहेर येता येत नव्हतं. गुडघे वाकवून आला.

बाहेर गल्लीत गेला. केसरबाईच्या हातातली घागर पडली. लोक जमले. कोणी पाठ थोपटली, आणि थोपटणाऱ्यानं लगेच हात मागे घेतला. मी बघितलं ते. त्यानं हात पँटीला पुसला.

"काय झालं रे?" मी त्याला विचारलं.

"काई नाई, बाई. टणक लागली."

७

शुक्रवारी गुलाब आला. मी सकाळपासून काय सांगायचं ते ठरवत होते. अजून आठ दिवस दे, म्हणणार होते. मान बिघडली म्हणणार होते. चोर म्हण, पण गिटार राहू दे, हेही म्हणाले असते.

त्यानं गिटार उचलली, वाजवली आणि तोंड वाकडं केलं.

"बाई, हे तं किरकिर करून राह्यली."

"तारा जुन्या आहेत तुह्या," मी म्हटलं. खोटं बोलले. सगळ्या आयुष्यात कामाबद्दल बोललेलं पहिलं खोटं.

"मंग बरं झालं!" त्यानं पिशवीतून पाकीट काढलं. "नवीन आणल्या नागपूरहून."

"राहू दे. मी पाहीन. आधी चहा घे."

चहाला पाणी नव्हतं. नळ गल्लीच्या तोंडाशी, वीस पावलांवर. मी घागर घेतली. दारात थांबून त्याला म्हणायला पाहिजे होतं, हात नको लावू, लावला तर एकेक तार काढ. म्हटलं नाही. खोटं पकडलं जाईल या भीतीनं त्या गिटारीचं नावच तोंडात घेतलं नाही.

घागर अर्धी भरली होती.

पहिली तार सैल होताना मी ऐकली. 'ढुंऽऽम्' आणि मग खाली घसरत जाणारा आवाज. बारीक तार ती. मी समजले, एक काढली, आता एक लावेल.

दुसरी गेली.

घागर तिथंच सोडली. पळाले. लुगडं पायात आलं, गुडघा फुटला, उठले. तिसरी गेली. मी ओरडत होते, पण काय ते मला आठवत नाही. दुकानाच्या उंबऱ्यावर पाय पडला तेव्हा गुलाबच्या हातात चौथी होती, सर्वात जाड, आणि तो माझ्याकडे बघून हसत म्हणत होता, "या, बाई, झालंच—"

तार सुटली.

तट्ट्यामागे करकरलं. एकदा नाही. खालून वर, मणक्यामागून मणका, कोणी सावकाश मोजत जावं तसं.

मधलं दार अर्धं उघडं होतं. त्या अर्ध्यातून मला जे दिसलं ते एवढंच. देवरावच्या टाचा जमिनीवर होत्या. आणि त्याचे केस जमिनीवर होते. मध्ये काही जमिनीवर नव्हतं. त्या कमानीखालून पलीकडची भिंत दिसत होती, खालचा रांजण दिसत होता. तोंड माझ्याकडे होतं, उलटं. डोळे उघडे. तो मला ओळखत होता.

आणि तोंड मिटलेलं असताना आत घुमत होतं.

"चढव!" मी गुलाबच्या अंगावर गेले. "तारा चढव! चढव, मेल्या, जुन्याच चढव!"

मी चावी घेऊन नटाला भिडले, सैल करायला. चावी गरगर फिरली. धरलीच नाही. गुलाबनं मागे वळून दारातून बघितलं होतं. त्याचे हात इतके कापत होते की तार खुंटीत जाईना. मी त्याच्या थोबाडीत मारली. मग गेली. एक. दोन. ओढ. अजून ओढ.

चौथी सुरात आली तेव्हा आत काहीतरी जमिनीवर सपाट पडल्याचा आवाज झाला.

गुलाब उठला. गिटारीकडे बघितलं नाही, पाकीट तिथंच राहिलं, चपलाही राहिल्या. दारातून म्हणाला, "बाई, तुमीच ठेवा."

मार्कंड्याला तो दुसऱ्याची गिटार घेऊन गेला असेल. किंवा गेला नसेल.

८

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं विचारलं, अंग कसं वाकलं होतं? मी हातानं दाखवलं. "धनुर्वात," तो म्हणाला. "कुठे खिळा-बिळा लागला होता का?"

"होय," मी म्हटलं. "पायाले."

त्यानं पाय बघितला नाही. सुई दिली, कागद लिहिला. तो कागद मी जपून ठेवला आहे. त्यावर जे लिहिलं आहे ते शहाण्या माणसाचं आहे. रोज एकदा वाचते.

९

आता मे महिना आहे. दुपारी पत्रे तडतडतात. गिटार दुकानात भिंतीला टांगली आहे. कोणाला हात लावू देत नाही.

देवराव सरळ चालतो. बिनबा दरवाजापर्यंत जाऊन येतो, लोकांशी बोलतो. लोक मला म्हणतात, मनकर्णाबाई, तुमच्या सेवेला फळ आलं. तो वाकत नाही. चप्पल मी घालून देते. खाली पडलेली खर्र्याची पुडी मी उचलून देते. बसतो तो फळी टेकवून ठेवल्यासारखा.

दुपारी तो उताणा झोपतो तेव्हा मी पोस्टकार्ड घेऊन आत जाते. त्याची पाठ खाटेच्या फळीला टेकत नाही. कमरेखालून पोस्टकार्ड सरकवते. मार्चमध्ये ते अडकत नव्हतं, डुलत नव्हतं. बरोबर होतं. मला तेव्हा हायसं वाटलं, हे मी लपवत नाही.

एप्रिलमध्ये डुलायला लागलं.

काल माझा हात गेला. मनगटापर्यंत.

तारा थकल्या आहेत. जुन्या होत्याच, गुलाबनं त्या फेकायला काढल्या होत्या. मी खुंट्या पिळून पिळून सुरात आणते, संध्याकाळपर्यंत उतरतात. जाड तारेचा वरचा पीळ एका जागी उकलला आहे, आतली बारीक तार चमकते. ती आपोआप तुटली तर काय, याचा विचार मी आठ दिवस केला. तुटेल तेव्हा मी नळावर असेन. नाहीतर बाजारात.

गुलाबच्या नव्या तारांचं पाकीट फळीवर आहे. एक काढून एक लावायची. पण काढण्यात आणि लावण्यात चार मिनिटं जातात, आणि त्या चार मिनिटांत तीनच तारा असतात.

आज जेवण झाल्यावर मी देवरावला सांगितलं. सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं.

"नट नाई फिरत?"

"नाई."

"मान कापून टाकली तं?"

"तुमी सांगा. टाकू?"

त्यानं फोटोंकडे बघितलं. मग म्हणाला, "त्या ओंडक्याचा शिक्का माह्या डोळ्यासमोर होता. लोक काढेपर्यंत. नाकाले लागून होता." मी त्याला गिटारीवरच्या खुणेबद्दल कधी बोलले नव्हते. आजही बोलले नाही.

"बांध मले," तो म्हणाला. "खाटेले. वाळवणाच्या दोरीनं. घट बांध."

मी बांधलं. छातीवरून, कमरेवरून, गुडघ्यावरून. त्यानं डोळे मिटले. "लवकर कर वो, मना," म्हणाला. "आन् इकडं पाहू नको."

मी मधलं दार लावलं. गिटार मांडीवर घेतली. नवी तार वेटोळं सोडून हाताशी ठेवली. मग जाड तारेची खुंटी उलटी फिरवायला लागले.

तार सुटली. मी बघितलं नाही. माझं लक्ष हाताकडे होतं. जुनी काढली, नवी ओवली, टोक मुडपलं, खुंटीला वेढे घातले. तट्ट्यामागे दोरी ताणल्याचा आवाज आला. मग फळीचा. मग खाटेचे दोन पाय उचलले जाऊन पुन्हा आपटल्याचा. मी खुंटी फिरवत राहिले. मी कामाची बाई आहे, हातातलं काम अर्धं सोडत नाही. चार मिनिटं झाली असतील. थोडी जास्तही झाली असतील, नवी तार ताठ होती.

सुरात आली. छेडली. काय खणखणीत वाजली! तळहात ठेवून बंद केली.

पलीकडे घुमत होतं. मी मोजलं. वीसपर्यंत नाही, साठपर्यंत मोजलं. मग ते विरलं.

"झालं वो," मी म्हटलं. "तुमी ठीक आहे ना?"

त्यानं ओ दिली नाही. थकून झोपला असेल. झोपतो तो असा.

मी हे सगळं बसून लिहून काढलं, तोवरही त्यानं ओ दिली नाही. ऊन दारातून उतरून पायाशी आलं आहे. तीन तारा अजून बदलायच्या आहेत. पोस्टकार्ड माझ्या हातात आहे, घामानं मऊ झालं आहे.

उठते आता.